आईसाठी जागा बघताय? मग संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत, त्यामुळे यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. आईला, वडिलांना, एका पत्रात तर स्वतःलाच, घराबाहेर अशा ठिकाणी ठेवायचं जिथे चोवीस तास कुणीतरी बघायला असेल. हल्ली सगळे त्याला असिस्टेड लिव्हिंग म्हणतात. पत्रं थोडी छोटी केलीयत आणि नावं गाळलीयत.

प्रश्न : आई ८१ वर्षांची आहे, सदाशिव पेठेत एकटी राहते, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. ब्युरोची बाई ठेवलीय पण ती सारखी बदलते, मध्येच गावाला जाते, की मग मी कोथरूडहून धावत सुटायचं. गेल्या महिन्यात आई संध्याकाळी खाली उतरून चालत निघाली, "पोरांना शाळेतून आणायचंय" म्हणत होती, ओळखीच्या दुकानदाराने घरी आणून सोडलं. माझ्याकडे आणावं तर वन बीएचके आणि सासरेही आजारी. भाऊ न्यू जर्सीला आहे, तो म्हणतो पैशाचं बघू नको, चांगल्यातली चांगली जागा शोध. मी काही ठिकाणी जाऊन आले. सगळीकडे छान गार्डन, छान रिसेप्शन, सगळे छान बोलतात, आणि घरी आलं की काहीच ठरवता येत नाही. नक्की बघायचं तरी काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तुम्ही गार्डन बघून आलात, त्यात तुमचं काही चुकलं नाही, कारण तुम्हाला दाखवलंच ते. सकाळी अकराला अपॉइंटमेंट घेऊन गेलं की सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. आंघोळी झालेल्या असतात, मॅनेजर असतो, फिजिओथेरपिस्ट आलेला असतो, दोन आज्या कॅरम खेळत असतात. तुमच्या आईला खरी गरज कधी लागणारे? संध्याकाळी. डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाच्या, बऱ्याच पेशंटना दिवस कलला की अस्वस्थ व्हायला होतं, घरी जायचं म्हणतात, दाराकडे जातात, कधी रडतात कधी चिडतात, डॉक्टर लोक याला सनडाउनिंग म्हणतात, आणि तुमची आई पोरांना आणायला निघाली तेही संध्याकाळीच. म्हणजे बरोब्बर त्याच वेळेला जिथे मॅनेजर घरी गेलेला असतो, स्टाफची शिफ्ट बदलत असते आणि मजल्यावर माणसं सगळ्यात कमी असतात. म्हणून म्हणते, संध्याकाळी सातनंतर जा. न सांगता जा. आत सोडणार नाहीत कदाचित, म्हणतील व्हिजिटिंग अवर्स संपले, पण मग विचारा की मुलगी म्हणून मला संध्याकाळी सातला आईला भेटता येणार आहे की नाही, आणि उत्तर काय मिळतं ते लक्षात ठेवा. पेशंटच्या झोपेसाठी वेळा ठरवणं वेगळं आणि नातेवाईकांनी बघूच नये म्हणून ठरवणं वेगळं.

आत गेलात की भिंतींकडे बघू नका, मावश्यांकडे बघा. सगळं काम त्या करतात. आईला उठवणार त्या, संडासला नेणार त्या, डायपर बदलणार त्या, घास भरवणार त्या. मावश्यांना थेट विचारा, किती दिवस झाले इथे, रात्री किती जणी असता, किती आज्यांमागे एक जण. ऑफिसमध्ये सांगितलेला आकडा आणि मावशींनी सांगितलेला आकडा जुळतोय का बघा. आणि पूर्ण दिवसाचा आकडा घेऊ नका, रात्रीचाच घ्या, कारण "आमच्याकडे इतका स्टाफ आहे" म्हणतात त्यात स्वयंपाकी, माळी, ड्रायव्हर, सगळे मोजलेले असतात. रात्री दोन वाजता आईला बाथरूमला जायचं असेल तर कोण येणार, बेल कुठे आहे, आणि बेल दाबायची असते हेच आई विसरली तर काय? डिमेन्शियाच्या पेशंटला बेलचा उपयोग नसतो, तिथे राउंडच घ्यावा लागतो, तर राउंड किती वेळाने असतो ते विचारा. मावश्या टिकत नाहीत ती जागा माझ्या मते सोडून द्यावी, मग बाकी काहीही असो, कारण तुमच्या आईला माणसं ओळखायला आधीच त्रास होतोय आणि तिथे दर महिन्याला नवीन चेहरा आला तर ती घाबरणार. ब्युरोच्या बाईचा जो त्रास घरी होता तोच पैसे देऊन दुसरीकडे घेतल्यासारखं होईल.

मग तिथे आधीपासून राहणाऱ्या आज्या-आजोबांकडे बघा. हे नीट करा, घाई करू नका, अर्धा तास बसा त्यांच्यात. चष्मा लावणाऱ्यांचा चष्मा डोळ्यावर आहे का, आणि पुसलेला आहे का. कानातलं मशीन कानात आहे की ड्रॉवरमध्ये. जेवायच्या वेळी कवळ्या तोंडात आहेत का, का सगळ्यांना सरसकट पातळ खिचडी. नखं कापलीयत का, आजोबांची दाढी केलीय का, साडी किंवा गाऊन स्वतःचा आहे की कुणाचाही कुणालाही घातलाय. दिवसा सगळे टीव्हीसमोर मान टाकून झोपलेत का? एखाद-दुसरं झोपणारच, वय आहे, पण सगळेच पेंगत असतील तर विचारायला हवं की झोपेची औषधं कुणाला, किती आणि कोण लिहून देतं. तुम्ही आधीच सांगून ठेवा, अगदी लेखी, की शांत राहायची किंवा झोपेची कुठलीही नवीन गोळी सुरू करायच्या आधी मला फोन करायचा. तसंच बांधून ठेवण्याबद्दल विचारा, सरळ विचारा, लाजू नका. "पेशंट फार उठत असेल तर काय करता?" या प्रश्नाला जे म्हणतील की आम्ही सोबत चालतो, फेऱ्या मारू देतो, बाहेरचं दार बंद असतं पण आत मोकळं फिरता येतं, ते लोक कामाचे. खुर्चीला ओढणी बांधतो असं कुणी सहज बोलून गेलं तर तिथून उठा.

बाथरूम स्वतः जाऊन बघा. धरायला हँडल कमोडच्या दोन्ही बाजूंना आहेत का, फरशी ओली असताना घसरते का, दाराची कडी बाहेरून उघडता येते का, उंबरा आहे का. खोलीपासून बाथरूमपर्यंत रात्री दिवा असतो का. मोठ्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड, मग ऑपरेशन, मग अंथरूण, आणि रात्री बाथरूमला उठताना हा धोका असतोच.

आणि वास. लघवीचा वास थोडा येणारच, जिथे आजारी म्हातारी माणसं आहेत तिथे येतो आणि फिनाईलने सगळं घमघमत असेल तर उलट मला शंका येते. पण वास एका कोपऱ्यात आहे की सगळ्या मजल्यावर मुरलाय, हा फरक नाकाला कळतो. झोपून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, बेडसोर. त्याचा तक्ता कुठे लावलाय ते विचारा. औषधांचा तक्ता, वजनाची नोंद, तेही बघायला मागा. दर महिन्याला वजन घेत असतील तर जेवण पोटात जातंय की नाही ते कळतं, आणि घेत नसतील तर कळायला फार उशीर होतो. पाण्याचंही असंच. म्हातारी माणसं तहान सांगत नाहीत, त्यात लघवीला परत परत जावं लागेल म्हणून मुद्दाम कमी पितात, मग युरिन इन्फेक्शन होतं आणि ताप नसतानाही माणूस एकदम गोंधळल्यासारखा वागायला लागतो, घरच्यांना वाटतं डिमेन्शिया वाढला. चांगल्या ठिकाणच्या सिस्टरला हे माहीत असतं. तुम्ही तिला विचाराच, "आई अचानक एका दिवसात जास्त गोंधळली तर तुम्ही आधी काय तपासाल?"

एक मोठा प्रश्न मात्र पहिल्याच भेटीत. आई उद्या अंथरुणाला खिळली, नाकातून नळी घालावी लागली, तर तुम्ही ठेवणार का? कारण आपल्याकडे वृद्धाश्रम हा एकच शब्द सगळ्याला वापरतात आणि तिथेच फसगत होते. पुण्यात नवी पेठेतलं निवारा ही सेवाभावी संस्था आहे, अथश्रीसारखे प्रकल्प म्हणजे ज्येष्ठांनी घर घेऊन आपापला संसार करायचा अशी कल्पना, आणि ज्यांना हाताला धरून सगळं करावं लागतं त्यांच्यासाठीची केअर सेंटर्स ही तिसरीच गोष्ट, मग त्यातही डिमेन्शिया घेणारी वेगळी. कितीतरी ठिकाणी नियमच असतो की स्वतःचं स्वतः करणारी, चालती-फिरती व्यक्तीच घेऊ, तब्येत बिघडली की नातेवाईकांनी घेऊन जावं. हा नियम वाईट नाही, त्यांच्याकडे तशी सोय नसते म्हणून तो असतो, पण तुमच्या आईचा आजार वाढत जाणारा आहे, तिला दोन वर्षांनी परत उचलून तिसरीकडे न्यायचं हे तिच्यावर फार होईल. म्हणून शेवटपर्यंत सांभाळणारी जागाच बघा. जवळ कुठलं हॉस्पिटल, रात्री १०८ बोलावली तर सोबत कोण बसणार, तुम्ही पोचेपर्यंत सही कोण करणार, हेही त्याच भेटीत.

भाऊ म्हणतात पैशाचं बघू नको, तर त्यांना सांगा की पैशापेक्षा अंतर बघायचंय. पुण्याच्या आसपास पूर्ण काळजीसाठी महिन्याला साधारण २५-३० हजारांपासून पन्नास-साठ हजार आणि पुढेही लागतात, डायपर, औषधं, फिजिओ बहुतेक ठिकाणी वेगळं. पण महागडी जागा शहराबाहेर तासाभरावर आणि मध्यम जागा तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर असेल, तर मी डोळे झाकून दुसरी सांगेन. जिचं माणूस वरचेवर आणि कुठल्याही वेळी येतं तिची काळजी जास्त घेतली जाते, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय, आणि कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही सांगत, माणसाचा स्वभावच आहे तो. आधी एक महिना शॉर्ट स्टे करून बघा. बरीच सेंटर्स देतात. महिन्याभरात आईचं वजन, झोप, चेहरा, यावरून तुम्हालाच कळेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७६, पत्नी ७२. नाशिकला स्वतःचा फ्लॅट. दोन्ही मुलं बाहेर, चांगली आहेत, "आमच्याकडे या" म्हणतात पण आम्हाला तिथे करमत नाही. आम्ही दोघांनी ठरवलंय की हातपाय चालतायत तोवरच ज्येष्ठांच्या वसाहतीत जायचं. एका ठिकाणी मोठं डिपॉझिट मागतायत. फ्लॅट विकून भरावं का? आणि मुलांना वाईट वाटतंय, त्यांना कसं समजवायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. जिथे राहायचं ती जागा स्वतः निवडणं, पायांनी चालत जाऊन, दोघांनी मिळून, हे फार कमी लोकांना जमतं कारण सगळे "बघू पुढे" म्हणत थांबतात आणि मग हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या दिवशी मुलं फोनवरून जागा शोधत असतात. मुलांना तुमचं हे पत्रच वाचायला द्या. त्यांना वाटतंय की आपण कमी पडलो म्हणून आईबाबा चालले, त्यांना सांगा की आम्हाला आमच्या वयाच्या माणसांत राहायचंय, नाश्त्याला चार जण हवेत, आणि तुम्ही आलात की तिथेच गेस्ट रूममध्ये राहायचं. शक्य असेल तर मुलांना सोबत घेऊन जागा बघा, एकदा बघितली की विरोध निम्मा होतो.

फ्लॅट आत्ता विकू नका. आधी भाड्याने द्या, तिथे सहा महिने-वर्ष राहून बघा, जमलं तर मग विचार. पाण्याचा, जेवणाचा, माणसांचा स्वभाव राहिल्याशिवाय कळत नाही आणि परत यायला जागा उरली नाही तर माणूस नको तिथेही अडकून राहतो. सोडचिठ्ठीसारखं घर एकदम तोडून निघायची काही गरज नाही.

डिपॉझिटचं लेखी घ्या. परत मिळणारं आहे का, दरवर्षी त्यातून काही कापतात का, सोडून गेलो तर किती दिवसांत परत, आणि दोघांतलं एक गेलं तर दुसऱ्याला तीच खोली आणि तोच दर राहणार का. हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत कारण विचारायला जीव होत नाही, तरी विचारा. मासिक खर्च दरवर्षी किती टक्क्यांनी वाढू शकतो तेही करारात यायला हवं, तुमची पेन्शन तेवढी वाढणारे का याचा हिशोब करता येईल. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का बघा. घर विकत घ्यायचा प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्प तपासा, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढलीयत, त्यात लिफ्ट, रॅम्प, रुंद दारं, न घसरणाऱ्या फरशा, धरायला दांडे, अशा गोष्टी आहेत. ती वाचा आणि बिल्डरला विचारा की यातलं काय काय करारात लिहून देताय. ब्रोशरमधल्या फोटोला काही अर्थ नाही.

आणि पत्रात तुम्ही लिहिलं नाहीये पण मी सांगून ठेवते, कारण शिक्षक माणसं भावनेच्या भरात हे करतात. फ्लॅट मुलांच्या नावावर बक्षीसपत्राने करायची घाई करू नका, मुलं कितीही चांगली असोत. करायचाच असेल तर आमचा सांभाळ आणि खर्च करायचा ही अट त्यातच लिहा. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट असताना सांभाळ केला नाही तर ते हस्तांतरण रद्द मागता येतं, प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे. अट लिहिलेली नसली की भांडण लांबतं. त्यापेक्षा मृत्युपत्र बरं, तुमच्या हयातीत घर तुमचंच राहतं.

जाण्याआधी दोघांनी बसून अजून एक कागद करा, लिव्हिंग विल. पुढे कधी बरं होण्याची आशाच उरली नाही तर व्हेंटिलेटर वगैरे नको, हे आपण शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही केली की चालतं. एक प्रत मुलांना, एक फॅमिली डॉक्टरना, एक तिथल्या ऑफिसमध्ये.

प्रश्न : मी डॅलसला असतो. वडील गेले, आई ७८, सोलापूरला, आता विसरायला लागलीय. पुण्यात एक सेंटर पक्कं केलंय, मावसभाऊ लक्ष ठेवणार. आईची पॉवर ऑफ अॅटर्नी (मुखत्यारपत्र) माझ्या नावाने करून घेतली की बँक, पेन्शन सगळं मला इथून बघता येईल ना?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : दादा, इथे जरा थांबा, कारण अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच जणांचा हाच गैरसमज असतो. तिकडे ड्युरेबल पॉवर ऑफ अॅटर्नी असते, आजारी माणसाची समज गेली तरी ती चालू राहते. आपल्याकडे तसं नाहीये. भारतीय करार कायद्याप्रमाणे ज्याने अधिकार दिला त्याचं मन ताळ्यावर राहिलं नाही की तो अधिकार संपतो. म्हणजे जेव्हा खरी गरज लागते तेव्हाच तो कागद कामाला येत नाही, आणि मग पालक म्हणून नेमणूक करून घ्यायला कोर्टात, बहुतेकदा हायकोर्टात, जावं लागतं. म्हणून आईला आज जेवढं समजतंय तेवढ्यात, तिच्या संमतीने, तिला सगळं वाचून दाखवून, काही गोष्टी करून घ्या. बँकेचं खातं जॉइंट करा, इथे राहणाऱ्या आणि विश्वासाच्या माणसाबरोबर, आयदर ऑर सर्व्हायव्हर पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने व्यवहार करू शकतं. तुम्ही एनआरआय असल्यामुळे स्वतःचं नाव लावायचं तर त्याचे नियम बँकेत आधी विचारा. फॅमिली पेन्शनचं खातं असेल तर त्यात जॉइंट कुणाला चालतं तेही बँकच सांगेल. सगळीकडे नॉमिनी लावून घ्या. मृत्युपत्र करायचं असेल तर सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की सही करताना समज शाबूत होती.

पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता जीवन प्रमाण या सरकारच्या डिजिटल दाखल्याच्या सोयीतून मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, त्यामुळे आईला बँकेत न्यायची गरज नाही, पण सेंटरमधलं कोण ते करणार हे ठरवून ठेवा, नाहीतर डिसेंबरला पेन्शन थांबते आणि कुणाला कळत नाही का थांबली. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या हॉस्पिटल उपचारांचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, तेही मावसभावाकडून आधारवर काढून घ्या. मात्र सेंटरचा महिन्याचा खर्च यातून मिळत नाही, मेडिक्लेममधूनही नाही, तो खिशातूनच.

मावसभावाबद्दल एक बोलते. तो लक्ष ठेवणार म्हणजे नक्की काय ठेवणार? रात्री एकला फोन आला की तोच जाणार, अॅडमिट करताना तोच सही करणार, तर त्याला ते अधिकार लेखी द्या, सेंटरच्या फॉर्ममध्ये लोकल गार्डियन म्हणून त्याचं नाव आणि कुठले निर्णय तो एकटा घेऊ शकतो ते लिहा, त्याच्याकडे खर्चासाठी काही रक्कम आधीच ठेवून द्या. आणि तुम्ही तिथून फोनवर त्याला सूचना देत बसणार नाही एवढी काळजी घ्या. जो धावतो त्याचं ऐकायचं. व्हिडिओ कॉलवर आई बारीक दिसली म्हणून डॅलसहून सेंटरला झापण्याआधी त्याला विचारा.

प्रश्न : सासूबाईंना ठेवायचं ठरलंय, नवऱ्याचा, नणंदेचा, सगळ्यांचा निर्णय आहे. त्यांना पक्षाघात झालाय, उचलावं लागतं, माझी स्वतःची पाठ गेलीय. पण गावाकडचे सगळे मलाच बोलतायत, सुनेने घालवली म्हणून. झोप लागत नाही.
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, बोलणाऱ्यांपैकी एकाला तरी एक रात्र सासूबाईंना उचलायला बोलवा. कुणी येणार नाही. तुम्ही इतकी वर्षं ज्या हातांनी केलंत ते हात आता दुखतायत आणि ते दुखणं खरं आहे, त्यासाठी कुणाकडून सर्टिफिकेट आणायची गरज नाही. पाठ गेलेल्या माणसाने पक्षाघाताच्या पेशंटला उचलणं दोघींसाठीही धोक्याचं आहे, पडलात तर दोघी पडाल. माझं एवढंच म्हणणं की नातेवाइकांना सांगायचं काम तुमच्या नवऱ्याने आणि नणंदेने करावं, मोठ्याने, सगळ्यांसमोर, "हा आमचा निर्णय आहे" म्हणून. ते गप्प राहिले म्हणून सगळं तुमच्यावर येतंय. आणि सासूबाईंना भेटायला मात्र तुम्ही जात राहा, आता उचलायचं काम नसेल तर त्यांच्याशी दोन गोष्टी बोलायला तरी वेळ मिळेल.

प्रश्न : वडील ८४, स्वभावाने कडक, समज शाबूत. पार्किन्सनमुळे सारखे पडतात. कुठेही जायला तयार नाहीत. एका परिचितांनी सुचवलं की "महाबळेश्वरला फिरायला नेतो" सांगून सेंटरला सोडायचं, सेंटरवालेही म्हणाले की पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका म्हणजे रुळतील. असं करावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. अजिबात नाही. ज्या माणसाला सगळं समजतं त्याला फसवून सोडलं तर तो पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला कुठे ठेवायचा हक्क तुम्हाला नाही, मुलगा असलात तरी. डिमेन्शिया खूप पुढे गेलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे रोज खरं सांगून रोज रडवण्यात अर्थ नसतो, पण तुमचे वडील तसे नाहीत.

त्यांना बसवून सांगा की बाबा, मला रात्री फोन वाजला की भीती वाटते. तुमचं चुकतंय असं म्हणू नका, तुम्हाला काय होतंय ते सांगा. मग त्यांच्या न्यूरोलॉजिस्टकडून हेच वदवून घ्या, कडक माणसं मुलांचं ऐकत नाहीत पण डॉक्टरांचं ऐकतात. मुदत ठरवा, एक महिना, आणि महिन्यानंतर त्यांनी नाही म्हटलं तर परत आणणार असा शब्द द्या आणि खरंच पाळा. घरीच ठेवायचं ठरलं तर बाथरूमला दांडे, बेडला रेलिंग, दिवसरात्र दोन अटेंडंट, याचा खर्च काढून त्यांच्यापुढे ठेवा, निर्णय त्यांनाच घेऊ द्या. पार्किन्सनच्या गोळ्या ठरलेल्या वेळेला लागतात, अर्धा तास इकडे-तिकडे झालं तरी हालचाल अडते, त्यामुळे कुठलंही सेंटर बघताना हे आधी विचारा की गोळ्या तुमच्या राउंडच्या वेळेला देणार की त्यांच्या वेळेला.

ते तयार झाले तर त्यांची स्वतःची खुर्ची, त्यांचं पांघरूण, रेडिओ, देव, रोजचं वर्तमानपत्र, सगळं आधी जाऊन लावून ठेवा. आणि पंधरा दिवस येऊ नका म्हणणाऱ्यांना सांगा की आम्ही रोज येणार. पहिले दिवस सगळ्यात अवघड असतात, तेव्हाच आपलं माणूस दिसायला हवं, आणि तुम्हालाही तिथे काय चाललंय ते तेव्हाच दिसतं. अंगावर वळ, जखम, एकदम घाबरून गप्प होणं, असं काही आढळलं तर फोटो काढा, तारीख टाकून लेखी विचारा, उत्तर पटलं नाही तर त्यांना तिथून काढा आणि मग तक्रारीचं बघा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही देशभराची मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, तिथे सल्लाही मिळतो आणि तक्रारही घेतात.

डे केअरबद्दल, म्हणजे दिवसभर सेंटरला आणि रात्री घरी, अशी तीन-चार पत्रं आहेत. जागा संपली, ती पुढच्या अंकात घेते.